भोंगा थांबल्यानंतरचे गाव



गेल्या वर्षी गळीत हंगाम आटोपला, तेव्हा आम्ही तीन आठवड्यांची रजा काढली आणि विलायतेला जाऊन आलो. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा मँचेस्टरला नोकरीस आहे, त्याच्याकडे मुक्काम होता. बंधू आपल्या कारखान्याचे उत्पादक सभासद. त्यांना जाऊन तीन वर्षे झाली, तरी शेअर अजून त्यांच्याच नावावर आहे. तेव्हा वारसनोंदीच्या कागदावर पुतण्याची सही घ्यावी, हाही एक हेतू होता.

कागद पाहून पुतण्या म्हणाला, "तात्या, मी काय परत येऊन ऊस लावणार आहे का? शेअर परत करा आणि पैसे आईला देऊन टाका." आम्ही तिथल्या तिथे काही बोललो नाही. कागद बॅगेत परत ठेवला. शनिवारी तोच म्हणाला, "उद्या सुट्टी आहे. चला, तुम्हाला गिरण्यांचं एक गाव दाखवतो."

मँचेस्टरहून आगगाडी निघाली. वाटेत रॉचडेल लागले. १८४४ साली २८ जणांनी एकेक पौंड भाग जमवून टोड लेन गल्लीत दुकान काढले, ते हे गाव. सहकाराच्या शिबिरात हे नाव आपण सर्वांनीच ऐकले आहे. त्यानंतर डोंगर आला, लांब बोगदा आला आणि पाऊण तासाच्या आत आम्ही हेब्डन ब्रिज या गावी उतरलो.

गाव लहानच, वस्ती साडेचार हजारांच्या घरात. दोन्ही बाजूंना उंच डोंगर, मध्ये कॅल्डर नदी आणि तिला येऊन मिळणारा हेब्डन ओढा. ओढ्यावर सुमारे ५०० वर्षांपूर्वीचा दगडी पूल आहे. पूर्वी लोकर आणि कापड लादलेली तट्टे त्यावरून जात. घरांचा दगड काळा पडलेला, आम्हाला वाटले जातच काळी असावी. पण ती गिरण्यांच्या धुराची काजळी, दीडशे वर्षे बसलेली!

या अडचणीच्या जागी गिरण्या का आल्या, तर पाण्यामुळे. वर पठारावर पाऊस भरपूर आणि ओढे डोंगरावरून जोराने खाली येतात. आधी लोक वर हेप्टनस्टॉल या गावी राहून घरोघर हातमाग चालवीत. पुढे ओढ्याच्या पाण्यावर चाके फिरू लागली. १८०४ साली रॉचडेल कालवा पुरा झाला, १८४० च्या सुमारास रेल्वे आली, कोळसा दारात आला आणि वरचे गाव खाली उतरले. खाली जागा कुठली? म्हणून लोकांनी उतारावर घरावर घर बांधले. खालच्या दोन मजल्यांत एक कुटुंब, त्याचे दार खालच्या रस्त्यावर. वरच्या दोन मजल्यांत दुसरे कुटुंब, त्याचे दार मागच्या बाजूला, वरच्या रस्त्यावर. चुलीवर चूल, पण उंबरा ज्याचा त्याला.

इथल्या गिरण्या फस्टियन नावाच्या जाड सुती कापडासाठी प्रसिद्ध. कॉर्डरॉय त्याच घराण्यातला. कापडाचे वरचे धागे लांब सुरीने कापून त्यावर मऊ लव आणायची. सुरी जराशी चुकली की ठाण खराब. मजुरांच्या विजारी या कापडाच्या होत, म्हणून गावाला विजारींचे गाव असेच नाव पडले होते. कापूस मात्र परका. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि या सबंध मुलखावर उपासमार आली. त्या वेळी मुंबई बंदरातून कापूस गेला, त्यात आपल्या खानदेश-वऱ्हाडचाही होता. धागा आखूड, सारखा तुटायचा, म्हणून तिथले कामगार त्याला नावे ठेवीत. आपल्याकडच्या शेतकऱ्यानेही चार वर्षे तेजी पाहिली आणि युद्ध संपताच भाव कोसळलेलाही पाहिला.

पण आम्हाला ज्याने थांबवले ते पुढेच. गावाच्या कडेला नटक्लफ नावाची मोठी दगडी गिरणी आहे. ती सहकारी होती! जोसेफ ग्रीनवुड हा साधा कापड कापणारा कामगार. त्याने आपल्या सोबत्यांना जमवून १८७० साली सोसायटी काढली. थोडी थोडी वर्गणी गोळा करीत १८७३ साली त्यांनी ही गिरणी विकत घेतली. आधी नुसते कापणे, मग रंगविणे, मग विणणे आणि शिवणे, असे काम वाढत शेकडो माणसे तिथे लागली. नफ्यात भागधारकाला, कामगाराला आणि माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला असा तिघांना वाटा होता. सोसायटी शिक्षणासाठीही पैसा बाजूला काढी. ऑक्सफर्ड विद्यापीठाची व्याख्याने या डोंगरातल्या गावात होत आणि गिरणीतले विणकर ती ऐकत. आपल्याकडे प्रवरेच्या काठी पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला १९५० साली. म्हणजे त्याच्या ८० वर्षे आधीची ही गोष्ट.

या सोसायटीला आग लागली नाही, पूर आला म्हणून ती बुडाली नाही. १९१८ साली ती सहकारी दुकानांच्या मोठ्या घाऊक संस्थेत विलीन झाली. तिच्या भागधारकांत कामगार होते, तशा बाहेरच्या व्यक्ती होत्या आणि दूरदूरची सहकारी दुकानेही होती. मालकी अनेकांची, पण सुरी धरणारे हात त्यातले थोडेच. पुढे परदेशी कापड आले, एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि याही गिरणीतली यंत्रे थांबली. इमारत पडीक होती, ती एका स्थानिक संस्थेने दुरुस्त केली. आत आता रेडिओ-टेलिव्हिजनसाठी आवाजाची यंत्रे बनतात. भिंती त्याच, मालक निराळे.

गाव मात्र मेले नाही, हे कबूल केले पाहिजे. १९७० च्या सुमारास घरे मातीमोलाने विकली जात होती. तेव्हा चित्रकार, लेखक, शिक्षक अशी बाहेरची मंडळी येऊन राहिली. आज पुलाजवळच्या जुन्या गिरणीत दुकाने आहेत, १९२१ चे सिनेमागृह नगर परिषद चालवते. पण घरांच्या किमती अशा चढल्या की इथल्याच मुलांना इथे घर घेणे जड जाते. बाप कापड कापीत होता त्या गावात मुलाला भाड्याची खोली पाहावी लागावी, याला सुधारणा म्हणावे की काय, ते वाचकांनी ठरवावे.

आमच्या खात्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. २६ डिसेंबर २०१५ रोजी या गावात मोठा पूर आला. दुकाने, घरे, शाळा पाण्यात गेली. त्यानंतर गावकऱ्यांनी स्वयंसेवक गोळा केले आणि वरच्या जंगलातल्या ओढ्या-नाल्यांत लाकडाचे ओंडके आडवे टाकून शेकडो लहान बांध घातले. पाणी अडवायचे नाही, फक्त त्याला दम खायला लावायचा. अहो, ही आपली माथा ते पायथा योजनाच! ज्या पाण्याने गाव वसवले त्याच पाण्याला आवरायला माणसे पुन्हा एकत्र आली.

संध्याकाळी स्टेशनावर पुतण्या म्हणाला, "तात्या, भाग सगळ्यांकडे होते, मग गिरणी गेली कशी?" आम्ही म्हणालो, "अरे, कागद पेटीत ठेवला म्हणजे मालकी राहते असं नाही. ज्याचा हात संस्थेत, त्याची संस्था." तो थोडा वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "आणि आपला ऊस कुठं जातो?"

सभासदहो, या प्रश्नाने आम्ही खाली पाहिले. भावजयीचे अडीच एकर वाट्याने आहे. नोंद आपल्या कारखान्याकडे होती. तरी मागल्या हंगामात वाटेकऱ्याने तो ऊस गुऱ्हाळाला घातला. तोड यायला महिना उशीर झाला होता, हेही खरे. म्हणजे जो अधिकारी गावोगाव फिरून 'नोंदीचा ऊस बाहेर घालू नका' म्हणून सांगतो, त्याच्याच घरचा ऊस बाहेर गेला. हे आम्ही कुणाला सांगितले नव्हते. आज इथे लिहितो.

घरी गेल्यावर पुतण्याने सही केली. "शेअर राहू द्या," म्हणाला, "पण ऊसही तिथंच गेला पाहिजे, नाहीतर माझी सही नुसती शोभेची." कागद आम्ही परत आल्यावर गट ऑफिसात दिला. वाटेकऱ्याशी बसून बोललो. त्याचे म्हणणे एवढेच की तोडीची तारीख कळावी आणि ती पाळली जावी. मागणी रास्त आहे. येत्या हंगामात लागणीच्या तारखेप्रमाणे तोडीचा कार्यक्रम प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर लावण्यात येईल. त्यात पुढेमागे झाले तर सभासदांनी आमच्याकडे येऊन जाब विचारावा.

आपण आपल्याकडून दोन गोष्टी कराव्यात. ज्या घरातला सभासद वारला आहे, तिथे वारसनोंद या पावसाळ्यातच उरकून घ्यावी. मुलगा पुण्यात असो की परदेशात, त्याला कागद दाखवावा आणि कारखानाही दाखवावा. आणि नोंदीचा ऊस आपल्याच गव्हाणीत पडेल असे पाहावे.

हेब्डन ब्रिजमध्ये आम्ही दिवसभर हिंडलो. गाव देखणे, माणसे प्रेमळ, चहा उत्तम. पण पहाटेचा भोंगा ऐकून झोपेतून उठणारे कुणी तिथे आता उरलेले नाही. आपल्याकडे मोळी टाकली की पहाटे चारला भोंगा वाजतो आणि झोपमोड झाली म्हणून आपण कुरकुर करतो. यंदा आम्ही करणार नाही.

— ऊस विकास अधिकारी