मुंबईच्या गोदींतील महाअग्नि

मोठ्या शहराला लागलेली आग म्हटली कीं, इंग्लंडचा इतिहास वाचलेल्या मनुष्यास प्रथम लंडनची आठवण होते. २ सप्टेंबर १६६६ रोजीं, रात्र सरण्यापूर्वीच, पुडिंग लेन नांवाच्या गल्लींतील एका पाव भाजणाऱ्याच्या दुकानांत ती आग लागली. घरें लांकडाचीं, गल्ल्या अरुंद आणि वारा पूर्वेचा. तरीहि पहिल्या कांहीं तासांत ती आवरणें अशक्य नव्हतें. ज्वाळांच्या वाटेंतील घरें पाडून मध्यें मोकळी जागा करणें, हा त्या काळचा खात्रीचा उपाय होता. परंतु पाडलेल्या घरांची भरपाई कोणी द्यावयाची, या विचारानें लॉर्ड मेयर ब्लडवर्थ यांनीं हुकूम देण्याची टाळाटाळ केली. चार दिवसांत तेरा हजारांवर घरें आणि सेंट पॉलसह ऐंशींहून अधिक प्रार्थनामंदिरें जळून गेलीं.

असाच प्रसंग मुंबईवर १७ फेब्रुवारी १८०३ रोजीं आला. त्या वेळीं मुंबई म्हणजे मुख्यतः कोटाच्या आंतील दाट वस्ती. आग तेथील बाजारांत पेटली आणि कोटांतील सुमारें एक तृतीयांश वस्ती तिनें गिळली. परंतु येथें अधिकाऱ्यांनीं निराळा मार्ग धरिला. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या अमदानींत तोफा लावून आगीभोंवतालचीं घरें जमीनदोस्त करण्यांत आलीं आणि उरलेलें शहर वांचलें. कांहीं घरांचा नाश आपण होऊन पत्करिल्यामुळें अनेक घरें राहिलीं. पुढें कोटाबाहेरील मैदान वाढविण्यांत आलें आणि बरीचशी वस्ती तटाबाहेर जाऊन नवी मुंबई वसूं लागली.

त्यानंतर १४१ वर्षांनीं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, मुंबईला याहूनहि भयंकर आगीशीं गांठ पडली. ‘फोर्ट स्टिकीन’ नांवाचें मालवाहू जहाज फेब्रुवारी १९४४ मध्यें इंग्लंडांतील बर्कनहेड बंदरांतून निघालें आणि कराची करून १२ एप्रिल रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत लागलें. जहाजावर तोफगोळे, सुरुंग आदि सुमारें चौदाशें टन स्फोटक द्रव्य होतें. शिवाय सोन्याच्या १२४ विटा होत्या. कराचीस त्यांत कापसाच्या सुमारें ८,७०० गासड्या, तेलाचीं पिपें, लांकूड व गंधक यांची भर पडली. दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरांत खालीं कापूस आणि त्याच्यावर दारूगोळा, अशी माल भरण्याची व्यवस्था होती. जहाजावर धोक्याचा माल आहे हें दर्शविणारें तांबडें निशाणहि लाविलेलें नव्हतें.

१४ एप्रिलच्या दुपारीं त्या तळघरांतून धूर येऊं लागला. दाबून बांधलेल्या गासडीचा अग्नि हा विचित्र असतो. तो भडकत नाहीं. आंतल्या आंत धुमसतो. वरून ओतलेलें पाणी गासडीच्या गाभ्यांत शिरत नाहीं. येथें तर बंबांनीं शेंकडों टन पाणी ओतल्यावर जळत्या गासड्या पाण्यावर तरंगूं लागल्या, आणि पाणी चढेल तसतशी आग वरच्या दारूगोळ्याच्या जवळ जाऊं लागली. विझविण्यासाठीं जें केलें, तेंच घातास कारण होऊं पाहत होतें.

मार्ग दुसरे होते. पण प्रत्येकांत अडचण होती. जहाज बुडवावें, अशी सूचना झाली. परंतु धक्क्यापाशीं तें पुरतें बुडेल एवढें पाणी नव्हतें. बाहेर समुद्रांत न्यावें, तर इंजिनाची दुरुस्ती चाललेली. तें दुसऱ्या जहाजानें ओढून न्यावें लागलें असतें. कप्तान नाइस्मिथ, गोदीचे अधिकारी, अग्निशामक दलाचे प्रमुख आणि दारूगोळ्याचे लष्करी जाणकार, हे सर्व तेथें हजर होते. प्रत्येकाला आपापल्या खात्याचें ज्ञान होतें; परंतु ज्याचा शब्द सर्वांनीं निमूटपणें मानावा असा एकहि मनुष्य तेथें नव्हता. सल्ले परस्परविरुद्ध येत राहिले आणि अमोल घटका निघून गेल्या.

चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. त्यांचा हादरा दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रानें नोंदविला. जवळचीं जहाजें फुटलीं. चार हजार टनांचें ‘जलपद्म’ उचलून धक्क्यावर फेंकलें गेलें. पेटत्या कापसाचा व तापलेल्या लोखंडाचा वर्षाव होऊन गोदीलगतच्या वखारी व चाळी पेटल्या. युद्धकाळच्या टंचाईंत पन्नास हजार टनांहून अधिक धान्य नष्ट झालें. सुमारें ऐंशीं हजार लोक बेघर झाले. मृतांची संख्या आठशें ते तेराशेंच्या दरम्यान सांगितली जाते. कप्तान नाइस्मिथ त्यांतच गेले. आग आटोक्यांत येण्यास तीन दिवस लागले, आणि गोदी पुन्हां वाहती करण्यासाठीं आठ हजार माणसें सात महिने खपत होतीं.

पुढें चौकशी झाली. कापसावर दारूगोळा रचणें, निशाण न लावणें, माल उतरविण्यांतील दिरंगाई आणि बंबवाल्यांना वर्दी देण्यास झालेला उशीर, असे दोष तींत दाखविण्यांत आले. यांतील एकहि दोष एकटा पाहिला तर मोठा वाटत नाहीं. घाईच्या दिवसांत अशा सवलती घेतल्याच जातात. पण एकत्र येतांच त्यांनीं शहराचा एक भाग नाहींसा केला.

जहाजाच्या पोटांत काय भरलें आहे, याची पुरती कल्पना नसतां शेवटपर्यंत नळ्या धरून उभे राहिलेले मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान या कामीं आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस भारतभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवसापासून आठवडाभर आगीपासून संरक्षण कसें करावें याची माहिती लोकांना दिली जाते. त्या माहितींत लंडन आणि मुंबई या दोन्ही शहरांनीं जबर किंमत देऊन मिळविलेला एक धडा अवश्य असावा. संकटाच्या वेळीं हुकूम कोणी द्यावयाचा, हें संकट येण्यापूर्वींच ठरलेलें असलें पाहिजे. कारण धूर दिसूं लागल्यानंतर विचारविनिमयाला जो वेळ लागतो, तो आग कोणालाहि देत नाहीं.