तलाव-बागायत, पूर्व विदर्भातील
चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत मालगुजारी तलावांच्या पाण्यावर होणारी शेती. यांतील बरेच तलाव गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने बांधले. ओढ्याला आडवी मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडवीत. जादा पाणी ‘सलंग’ म्हणजे सांडव्यावरून निघून जाई. शेतीचे पाणी पाळीतील ‘तुडुम’ या मोरीतून पाटात उतरे व उताराने वाहत जाई. मोटेची गरज नसे. भात हे मुख्य पीक असले, तरी कोहळ्यांची ख्याती उसाच्या मळ्यांमुळे झाली. खरी कसोटी उसाचीच. भाताला पावसाने ओढ दिली तेवढ्यापुरते पाणी पुरे, उसासाठी मात्र उन्हाळाभर साठा राखावा लागे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट होऊन तलाव शासनाकडे गेले. दुरुस्तीची जुनी व्यवस्था मोडली आणि गाळ साचून अनेक तलावांची साठवण घटली.