घरच्या चोवीस तासांचा आलेख

आलेख म्हटला की डोळ्यांसमोर अर्थसंकल्प येतो, नाहीतर परीक्षेतील एखादा हुकमी प्रश्न. आपल्या घराशी त्याचा काही संबंध असू शकेल, हा विचार सुशिक्षित मध्यमवर्गालाही सहसा शिवत नाही. वास्तविक वाणसामान, दूध, वीज, शाळेची फी यांच्या नोंदी पुष्कळ घरांत होतात. परंतु त्या पानापानांत विखुरलेल्या राहतात. त्यांतून घराचे चित्र उभे राहत नाही.

आकड्यांना चित्ररूप देण्याची रीत तशी अलीकडची. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख प्रसिद्ध केले. १८५४ च्या लंडनमधील कॉलऱ्याच्या साथीत डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंच्या खुणा नकाशावर मांडल्या, तेव्हा त्यांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाभोवती दिसली. दूषित पाण्याविषयीच्या त्यांच्या मताला त्यामुळे मोठे बळ मिळाले. जे राष्ट्राच्या व्यापाराला आणि शहराच्या साथीला लागू पडते, ते चार माणसांच्या कुटुंबाला का लागू पडू नये?

गेली काही वर्षे मी विद्यार्थ्यांना एक स्वाध्याय देतो. घरातील प्रत्येकासाठी चोवीस चौकोनांची एक पट्टी आखावी आणि झोप, नोकरी अथवा अभ्यास, घरकाम व विश्रांती वेगवेगळ्या रंगांनी भरावी. मात्र ती वर्गात आणू नये. घरातील गोष्ट घरातच राहावी.

स्वतः हा स्वाध्याय करण्यास मला बराच उशीर झाला. आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो, आणि घरकामात आपला हातभार चांगला आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आठवडाभराच्या नोंदींवरून पट्ट्या रंगविल्या, तेव्हा पत्नीच्या पट्टीत घरकामाचे पाच चौकोन भरले. माझ्या पट्टीत जेमतेम एक. तिच्या विश्रांतीचे दोन चौकोन सलग असे कोठेच नव्हते. मग आमच्या जाण्यायेण्याचा नकाशा काढला. माझी रेघ घरापासून महाविद्यालयापर्यंत सरळ गेली. तिची रेघ कार्यालयातून भाजीबाजार, गिरणी आणि औषधांचे दुकान अशी वळणे घेत घरी आली.

भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुषांचे ८८ मिनिटे त्यात जातात. हे आकडे मी वर्गात अनेकदा फळ्यावर लिहिले होते. ते माझ्या स्वयंपाकघराचेही आहेत, हे कळायला रंगीत खडू हाती घ्यावे लागले.

अर्थात आलेखही फसवू शकतो. विजेचे बिल ९०० रुपयांवरून १००० वर गेले आणि आलेखाचा पाया शून्याऐवजी ८५० वर धरला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट दिसतो. घरातील वादात असा आलेख काढण्याचा मोह कोणालाही होईल. म्हणून मोजमाप काय धरायचे, हे सर्वांनी मिळून ठरवावे.

आज हातातला फोन आपण किती पावले चाललो याचा आलेख आपणहून काढून देतो. परंतु ती पावले कोणासाठी पडली, हे त्याला ठाऊक नसते. ते ठरविण्यासाठी घरच्यांनी एकत्र बसून एका कागदावर रेघा ओढाव्या लागतात. आमच्या घरी दळणाचा डबा आता माझ्या रेघेवर आला आहे. पट्ट्या समान व्हायला मात्र अजून पुष्कळ चौकोन बाकी आहेत.