नूर-सुलतानचे पाच-शून्य

जुलै 2022मध्ये कझाकस्तानच्या राजधानीत, तेव्हाच्या नूर-सुलतान इथे, एलोर्डा चषक बॉक्सिंग स्पर्धेत महिलांच्या 81 किलोंवरील गटाची अंतिम लढत नागपूरच्या अल्फिया पठाणने 5-0 अशी जिंकली. समोर यजमानांची लज्जत कुंगेइबायेवा होती. 2016मध्ये याच शहरात, त्या वेळच्या आणि आजच्याही अस्तानात, तिने याच गटाचे विश्वविजेतेपद मिळवले होते. अल्फिया यूथ गटातून नुकतीच वर आलेली.

इथले 5-0 म्हणजे ठोशांची मोजणी नव्हे. रिंगभोवती बसलेले पाच पंच तीन फेऱ्यांचे गुण स्वतंत्रपणे देतात. फेरी जिंकणारीला 10, हरणारीला बहुधा 9, अगदीच निष्प्रभ ठरली तर 8 किंवा 7. पाचही पंचांच्या बेरजेत एकच खेळाडू पुढे असली की निकाल 5-0. अर्थात पाचही जणांनी 29-28 दिले तरी आकडा हाच दिसतो. म्हणून अशा विजयाचे वजन आकड्यापेक्षा हरलेल्या खेळाडूच्या नावावरून जोखावे.

व्यावसायिक बॉक्सिंगमधल्या एकतर्फी लढतींनाही हीच कसोटी लागते. जर्मनीच्या माक्स श्मेलिंगने 1936मध्ये जो लुईला बाराव्या फेरीत नॉकआउट केले होते. दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर लुईने त्याला 124 सेकंदांत संपवले. जॉर्ज फोरमनने 1973मध्ये किंग्स्टनला तोवर अजिंक्य असलेल्या जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले. समोर लुईला हरवलेला श्मेलिंग आणि अलीला हरवलेला फ्रेझर होता, म्हणून या लढती आजही सांगितल्या जातात.

अल्फिया नागपूरच्या मानकापूर क्रीडा संकुलात प्रशिक्षक गणेश पुरोहित यांच्या हाताखाली घडली. एप्रिल 2021मध्ये पोलंडमधल्या किएल्त्सेला जागतिक यूथ स्पर्धेत भारताच्या सातही मुलींनी अंतिम लढती जिंकल्या. त्यात मोल्दोवाच्या प्रतिस्पर्धीला 5-0 हरवणारी अल्फिया होती. नोव्हेंबर 2022मध्ये अम्मानला आशियाई सुवर्ण मिळाले, पण जॉर्डनची प्रतिस्पर्धी अपात्र ठरल्याने. किताब म्हणून अम्मानचा मान मोठा; बॉक्सर म्हणून तिची खरी उंची नूर-सुलतानच्या नऊ मिनिटांत दिसली.

तिचा वजनगट मात्र ऑलिम्पिकमध्ये नव्हता. 2024च्या पॅरिस स्पर्धेत महिलांचा सर्वांत वरचा गट 75 किलोंचा होता.