द्राखेनफेल्स : दगडापायी गेलेला, दगडासकट वाचलेला किल्ला

जर्मनीतील बॉन शहराच्या दक्षिणेला, ऱ्हाइन नदीच्या उजव्या तीरावर ३२१ मीटर उंचीचा एक डोंगर आहे. त्याचे नाव द्राखेनफेल्स. माथ्यावर एका चौकोनी बुरुजाच्या उरल्यासुरल्या भिंती उभ्या आहेत आणि आजूबाजूला तटाचे थोडे तुकडे आहेत. ऱ्हाइनकाठचे बरेच किल्ले तोफांनी नाहीतर सुरुंगांनी पाडले. द्राखेनफेल्सलाही युद्धाची झळ लागली, पण त्याचा चिवट वैरी पायाखालीच होता. ज्या खडकावर हा किल्ला उभा होता, त्या खडकाला बाजारात भाव होता.

हा डोंगर झीबेनगेबिर्गे नावाच्या ज्वालामुखीजन्य डोंगररांगेत मोडतो. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी इथे राखेचे जाड थर साचले होते. खालून वर सरकणारा शिलारस या थरांना भेदून बाहेर पडला नाही, आतच हळूहळू थिजला. पुढे वरची मऊ राख झिजून वाहून गेली आणि आतला कठीण गाभा उघडा पडला. हा खडक म्हणजे ट्रॅकाइट. त्यात सॅनिडिन या खनिजाचे लांबट, पांढुरके स्फटिक नुसत्या डोळ्यांनी दिसतात. हा दगड घडवायला सोयीचा, आणि डोंगराच्या पायथ्यालाच मोठी नदी. खाणीतला चिरा उतारावरून खाली आणायचा आणि होडीत घालून प्रवाहाबरोबर सोडायचा, एवढे सोपे गणित होते. रोमन लोकांनी ते ओळखले होते. ऱ्हाइनकाठच्या आपल्या बांधकामांसाठी त्यांनी इथूनच दगड नेला.

किल्ला आला बाराव्या शतकात. कोलोनचे आर्चबिशप त्या काळी केवळ धर्मगुरू नव्हते. ते मुलूख सांभाळणारे, फौज बाळगणारे सत्ताधीश होते. आपल्या प्रदेशाची दक्षिण सीमा राखण्यासाठी आर्चबिशप आर्नोल्ड पहिला याने या माथ्यावर किल्ला बांधायला घेतला. काम अर्धवट असतानाच, ११४९ मध्ये, किल्ला बॉनच्या कासिउस मठाकडे गेला आणि मठाने ११६७ मध्ये तो पुरा केला. पुढे मठाच्या वतीने इथे किल्लेदार नेमले गेले. किल्लेदारी वंशपरंपरेने चालू लागली आणि या घराण्याने डोंगराचेच नाव लावले.

या किल्लेदारांच्या हाती टेहळणीच्या जागेबरोबर दगडाच्या खाणीही होत्या. १२४८ मध्ये कोलोनच्या भव्य कॅथेड्रलची पायाभरणी झाली आणि खाणींचे नशीब उघडले. नदीमार्गे सुमारे ४० किलोमीटरवर इतके मोठे गिऱ्हाईक, तेही पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे! १२६७ मध्ये द्राखेनफेल्सच्या किल्लेदाराने कॅथेड्रलला दगड पुरवण्याचा करार केला. मध्ययुगात उभा राहिलेला कॅथेड्रलचा भाग प्रामुख्याने याच ट्रॅकाइटचा आहे. किल्लेदारांची तिजोरी भरत होती आणि त्यांच्याच किल्ल्याखालचा डोंगर पोखरला जात होता. सोळाव्या शतकात कॅथेड्रलचे काम थांबले. दक्षिणेकडच्या अपुऱ्या मनोऱ्यावर बांधकामाची लाकडी यारी पुढची कित्येक शतके तशीच उभी राहिली. मोठे गिऱ्हाईक गेले, तशी डोंगराला थोडी उसंत मिळाली.

मग तीस वर्षांचे युद्ध आले. १६३२ मध्ये स्वीडिश फौजांनी किल्ला घेतला. कोलोनच्या बाजूने तो परत जिंकला गेला, पण आता तो राखणे म्हणजे डोकेदुखी होती. पुन्हा शत्रूच्या हाती पडला तर तो आपल्यावरच उलटणार. १६३४ मध्ये खुद्द कोलोनच्या सत्ताधीशाच्या हुकमावरूनच तो निकामी करण्यात आला. ज्यांच्या पूर्वसुरींनी तो बांधायला घेतला, त्यांनीच तो मोडला. त्यानंतर त्याची पुनर्बांधणी कधीच झाली नाही.

रिकाम्या किल्ल्याचे पुढे काय होऊ शकते, हे पाहायला शेजारचा वोल्केनबुर्ग डोंगर पुरेसा आहे. तिथेही कोलोनच्या आर्चबिशपांचा किल्ला होता आणि तिथेही दगडाच्या खाणी होत्या. खाणकामात तो किल्ला समूळ गेला आणि डोंगराचा माथाही खाली आला. आज तिथे पाहण्यासारखी एक भिंतदेखील नाही. द्राखेनफेल्स त्याच वाटेवर होता.

१८१५ नंतर हा प्रदेश प्रशियाच्या राज्यात आला. कोलोनच्या रखडलेल्या कॅथेड्रलच्या डागडुजीची आणि ते पूर्ण करण्याची चर्चा सुरू झाली, तशी ट्रॅकाइटला पुन्हा मागणी आली. १८२० च्या दशकात पायथ्याच्या क्योनिग्सविंटर गावच्या पाथरवटांच्या संघाने माथ्याची जागा मिळवली आणि खाण पुन्हा चालू केली. १८२८ मध्ये पोखरलेल्या कड्याबरोबर किल्ल्याचा काही भाग कोसळला.

त्याच्या शंभर वर्षे आधी असे घडले असते तर कोणी फारशी दखल घेतली नसती. पण मधल्या काळात लोकांची नजर बदलली होती. कवी, चित्रकार आणि हौशी प्रवासी पडक्या वास्तूंच्या शोधात ऱ्हाइनच्या खोऱ्यात येऊ लागले होते. १८१६ मध्ये इंग्रज कवी बायरन या वाटेने गेला आणि ‘चाइल्ड हॅरोल्ड’ या काव्यात त्याने द्राखेनफेल्सला अजरामर केले. सीगफ्रीड या वीराने अजगरासारख्या महाकाय ड्रॅगनला मारून त्याच्या रक्तात स्नान केले, ही दंतकथाही याच डोंगराला चिकटली होती. नदीत वाफेच्या बोटी सुरू झाल्यावर प्रवाशांची रीघ लागली. राज्यसत्तेच्या दृष्टीनेही हा पडका बुरूज नुसता दगडांचा ढीग राहिला नव्हता. तो देशाच्या इतिहासाची खूण ठरला होता.

सरकारने खाणकामावर बंदी घातली आणि पुढे १८३६ मध्ये प्रशियाने डोंगरमाथा १०,००० थालरना विकत घेतला. जर्मनीतील निसर्गसंरक्षणाच्या इतिहासात या व्यवहाराचा उल्लेख आरंभीचे पाऊल म्हणून होतो. मौज अशी की, सहाच वर्षांनी, १८४२ मध्ये, त्याच प्रशियाच्या राजाने कोलोनच्या कॅथेड्रलच्या उरलेल्या कामाची कोनशिला बसवली. १८८० मध्ये १५७ मीटर उंचीचे मनोरे पुरे झाले, पण त्यांचा दगड दुसऱ्या खाणींतून आला. पाथरवटांची रोजी बुडाली असेही नाही. त्यांनी आजूबाजूचे डोंगर फोडायला घेतले आणि तो झगडा एकोणिसावे शतक सरेपर्यंत चालू राहिला. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या स्थानिक संस्थेने एकेक जमीन विकत घेत खाणी बंद पाडल्या. अखेर १९२२ मध्ये झीबेनगेबिर्गेला संरक्षित निसर्गक्षेत्राचा दर्जा मिळाला.

इकडे द्राखेनफेल्सला पोखरणे आधीच थांबले होते, पण त्यावर गर्दी चढू लागली. १८८३ मध्ये दातेरी रुळांची रेल्वे थेट माथ्याजवळ पोहोचली. ती आजही धावते. अर्ध्या वाटेवर एका धनाढ्य दलालाने १८८२ ते १८८४ या काळात द्राखेनबुर्ग नावाचा महाल बांधला. मध्ययुगीन थाटाचा हा महाल खऱ्या मध्ययुगीन किल्ल्यापेक्षा कितीतरी धडधाकट आहे. डच पर्यटक इतक्या संख्येने येत की या डोंगराला गमतीने ‘हॉलंडमधला सर्वांत उंच पर्वत’ म्हणू लागले.

शतकानुशतके पोखरलेला खडक मात्र पूर्ववत होत नाही. १९७० च्या दशकात माथ्याला काँक्रीट आणि पोलादी नांगरांनी आवळून धरावे लागले. दरडी कोसळण्याच्या भीतीने अलीकडेही वाटा बंद ठेवण्याची वेळ आली. तिकडे कोलोनमध्ये कॅथेड्रलचा ट्रॅकाइटही हवापाण्याने झिजतो, त्याचे स्फटिक सुटून पडतात आणि कारागीर वर्षभर चिरे बदलत असतात.

द्राखेनफेल्स वाचल्याचे श्रेय बहुतेक वेळा कवींना दिले जाते. कवींनी लोकांची नजर बदलली, हे खरे. पण नुसत्या नजरेने सुरुंग थांबत नाहीत आणि नुसती बंदी फार काळ टिकत नाही. त्या काळच्या सरकारने दगडाची किंमत मोजून खडकाची मालकीच आपल्याकडे घेतली, म्हणून बुरूज उरला. शेजारच्या वोल्केनबुर्गच्या वाट्याला असा खरेदीदार आला नाही, म्हणून तो किल्ला आज फक्त कागदोपत्री आहे.