तुमचं नाव पुढे का जात नाही?



गेल्या दिवाळीत मी दुकानाच्या २०० ग्राहकांना ब्रॉडकास्टवर ऑफर पाठवली. उत्तरं आली मोजकीच. नंतर लक्षात आलं, त्यांचे नंबर माझ्याकडे सेव्ह होते, पण बऱ्याच जणांकडे माझा नव्हता. आणि व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट तुमचा नंबर सेव्ह असणाऱ्यालाच मिळतो.

म्हणजे ओळखीला दिशा असते, बाणासारखी. तुमच्याकडून ग्राहकाकडे बाण गेला, म्हणून त्याच्याकडून पुढे जाईलच असं नाही.

अशा बाणांच्या जाळ्यावर गणितात बराच अभ्यास झालाय. मातीतून पाणी झिरपावं तशी बातमी जाळ्यातून झिरपते का, हा त्यातला मुख्य प्रश्न. बाण कसेही, योगायोगाने जुळलेले असतील, तर सगळा खेळ एका आकड्यावर येतो: १.

समजा, एक ग्राहक सरासरी ०.८ नवे ग्राहक आणतो. मग त्याला धरून साखळी सरासरी ५ जणांवर संपते. ०.९ झाले तर १० जणांवर. फरक जेमतेम ०.१ चा, पण पोहोच दुप्पट! १ च्या पुढे गेलात की साखळी खूप लांब जाऊ शकते.

जाऊ शकते म्हणालो, जाईलच असं नाही. १.१ असतानाही एका ग्राहकापासून सुरू झालेली साखळी लांब जाण्याची शक्यता साधारण १८ टक्केच. बाकी वेळा ती मध्येच विरते. पण १० वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरुवात केलीत, तर निदान एक तरी लांब जाण्याची शक्यता ८६ टक्क्यांच्या आसपास पोहोचते.

मग करायचं काय?

१. बिल देतानाच ग्राहकाला तुमचा नंबर सेव्ह करायला सांगा.

२. प्रत्येक नव्या ग्राहकाला विचारा, "आमचं नाव कोणी सांगितलं?" उत्तर वहीत लिहा. ५० जुन्या ग्राहकांनी ४० नवे आणले, तर तुमचा आकडा ०.८.

३. सुरुवातीचे १० जण एकाच नात्यागोत्यातले नकोत. एक सोसायटीतला, एक बचत गटातली, एक ऑफिसमधला, असे निवडा.

एक प्रयत्न फसला म्हणून माल वाईट ठरत नाही. वही उघडा, तुमचा आकडा काढा आणि कमेंटमध्ये नक्की सांगा!