सून हवी, की कोयत्याला जोडी?

दिवाळी जवळ आली की बीड, जालना, परभणीकडच्या वाड्या-तांड्यांवर दोन गोष्टींची घाई सुरू होते. एक मुकादमाच्या उचलीची, दुसरी लग्नांची. दोन्हींची गाठ एकच आहे. ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, उचलही अर्धी. म्हणून मिसरूड फुटलेल्या पोराचंही लग्न उरकतात. तिकडे मुलीची आई म्हणते, ‘आम्ही सहा महिने फडावर. वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवू?’

तिची काळजी खोटी नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत, शाळांची हंगामी वसतिगृहं असतात. चौकशी मात्र गाड्या निघायच्या आधी करायला हवी. हे काम बचतगटाने अंगावर घेण्यासारखं आहे.

आता लग्न झालेल्या पोरीकडे बघू. सोळा-सतराव्या वर्षी तिचं स्वतःचं हाड अजून वाढत असतं. कटिभाग पुरता रुंद झालेला नसतो, त्यामुळे बाळंतपण अडतं. अंगात रक्त आधीच कमी, त्यात पोटातलं बाळ वाटेकरी. बाळ कमी वजनाचं जन्मतं आणि लोक म्हणतात, ‘हिला बाळ सांभाळता येत नाही.’ कसं येईल? पहाटे मोळ्या उचलायच्या, खोपीत चूल पेटवायची, त्यातच पाजायचं. नवराही पोरगाच. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाचं कर्ज त्याच्याच डोक्यावर. तो कुणापाशी बोलत नाही, राग घरात निघतो.

दवाखान्याचीही भीती असते. मुलगी अठराच्या आतली असेल तर दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं. म्हणून घरचे वय लपवतात, नाहीतर तपासणीच टाळतात. हे फार धोक्याचं. उपचार तिला मिळायलाच हवेत, तो तिचा हक्क आहे.

दुसरं मूल लांबवायला सरकारी दवाखान्यात तांबी, ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळ्या फुकट मिळतात. अंतरा दर तीन महिन्यांनी घ्यावं लागतं, आणि तारीख नेमकी फडावर असताना येते. म्हणून कार्ड सोबत न्या, तिथल्या आरोग्य केंद्रात दाखवा.

कायद्याचं थोडक्यात. मुलीचं वय १८, मुलाचं २१. त्याआधी लग्न लावणाऱ्यांना २००६ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. लहानपणी लग्न झालेल्या मुलीला ते रद्द करून मागता येतं, पण वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतच. रद्द झालं तरी तिचं मूल औरस राहतं. हे पोरींना कुणी सांगतच नाही.

गावात लग्न ठरल्याचं कानावर आलं तर ग्रामसेवकाला सांगा. तोच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. किंवा १०९८ वर फोन करा. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो.